पिकअपमागे जिप्सी, थार किंवा कॅम्पर ओढताना: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी पिकअपमागे ट्रेलर जोडून माझी जुनी जिप्सी चिखलवाटांपर्यंत नेतो. दर पावसाळ्याआधी फोनवर तेच ते प्रश्न येतात. सुरुवात "भाऊ, फक्त एकच विचारायचं होतं"नं होते आणि पंचवीस मेसेज होतात. म्हणून सगळं इथं एकत्र लिहिलंय. प्रश्न बहुतेक लोकांच्याच शब्दांत ठेवलेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. यातलं जवळजवळ प्रत्येक उत्तर फिरून वजन आणि ब्रेक यांच्यावरच येणार आहे. ओढायला आजचं कुठलंही डिझेल इंजिन तयारच असतं. भानगड थांबताना होते.

१. गाडी चालवतच नेता येते, मग ट्रेलरची हौस कशाला?

बऱ्याच वेळा नकोच. गाडीचे कागद ठीक असतील, टायर रस्त्यावर चालणारे असतील आणि जागा शंभर किलोमीटरच्या आत असेल तर सरळ चालवत न्या. ट्रेलर तेव्हा लागतो जेव्हा गाडीला मोठे चिखलाचे टायर आहेत, ती ८० वर थरथरते, किंवा परत येताना ती चालू स्थितीत असेलच याची खात्री नाही. माझ्या बाबतीत तिसरं कारण दर दोन फेऱ्यांत एकदा खरं ठरतं.

२. माझ्याकडे बोलेरो कॅम्पर आहे. म्हणजे कॅम्परच ना?

नाही. ते मालवाहू पिकअपचं नाव आहे. इथं कॅम्पर म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेला डबा. तो एकतर मागे ओढायचा ट्रेलर असतो, नाहीतर पिकअपच्या हौद्यात बसवायचा. हौद्यातल्या कॅम्परचं गणित वेगळं आहे, ते प्रश्न १८ मध्ये.

३. माझी पिकअप किती वजन ओढेल? इंटरनेटवर तर ३,५०० किलो लिहिलंय.

तो आकडा बहुधा ऑस्ट्रेलियाच्या पानावरचा आहे. हायलक्स आणि डी-मॅक्सच्या तिथल्या काही मॉडेलना ३,५०० किलोची क्षमता दिलेली आहे, पण ती स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी, तिथल्या कंपनीमान्य हिचसह (हिच म्हणजे पिकअपच्या मागे ट्रेलर जोडायचा सांधा) आणि तिथल्या सस्पेन्शनवर. आपल्याकडे त्याच नावानं विकली जाणारी गाडी त्याच मापाची असेल असं गृहीत धरू नका. तुमच्या गाडीच्या भारतातल्या मॅन्युअलमध्ये ओढण्याचा आकडा दिला असेल तर तोच खरा. दिला नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर मागा. "साहेब, आरामात ओढते" हे उत्तर लेखी मिळत नाही, हे तुमच्या लक्षात येईलच.

माझा स्वतःचा नियम कंजूष आहे. भरलेला ट्रेलर पिकअपच्या स्वतःच्या रिकाम्या वजनापेक्षा जड नको. दोन टनांच्या पिकअपमागे दोन टनांच्या आत. कंपनीचा आकडा याहून कमी असेल तर अर्थातच तो.

४. वजन मोजायचं कुठं?

धरमकाट्यावर. वाडीला आणि कळमन्याच्या बाजाराकडे ट्रकांसाठी काटे आहेत. सकाळी लवकर जा, संत्र्याच्या आणि धान्याच्या गाड्यांची रांग लागण्याआधी. काटेवाला पहिल्यांदा तुमच्याकडे विचित्र नजरेनं बघेल. त्याला सांगा, तीन पावत्या पाहिजेत.

पहिली: ट्रेलर पूर्ण भरलेला, म्हणजे वर जिप्सी, पेट्रोलचे कॅन, जॅक, पाणी सगळं घेऊन, पण पिकअपपासून सोडवलेला आणि पुढच्या जॉकी व्हीलवर (टोकाखालचं वर-खाली होणारं छोटं चाक) उभा. दुसरी: ट्रेलर पिकअपला जोडलेला, पण काट्यावर फक्त ट्रेलरची चाकं, पिकअप काट्याबाहेर. तिसरी: पिकअप आणि ट्रेलर दोन्ही काट्यावर, माणसं आत बसलेली.

पहिल्यातून दुसरी वजा केली की ट्रेलरच्या टोकाची वाटी (कपलर) पिकअपच्या हिचवरच्या गोळ्यावर (बॉल) किती भार टाकते ते कळतं. याला मी पुढे 'नाकावरचं वजन' म्हणणार आहे. गेल्या वेळी माझी पहिली पावती १,८४० ची होती आणि दुसरी १,६६० ची. म्हणजे नाकावर १८० किलो, साधारण दहा टक्के. काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्यात मोजत असेल तर तेवढी चूक धरून चाला.

घरी बसून केलेले अंदाज कायम कमी निघतात. रिकामी जिप्सी साधारण हजार किलोची, पण विंच, लोखंडी बंपर, मोठे टायर आणि मागे कोंबलेलं सामान यांचा हिशेब कोणी धरत नाही.

५. नाकावरचं वजन किती असावं? कमी असेल तर पिकअपला बरंच ना?

उलटं आहे. भरलेल्या ट्रेलरच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा, पंधराच्या वर नको. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. ओझं मागे गेलं की गाडी उलार होते. बैलगाडी उलार झाली की जू वर उचललं जातं. ट्रेलर उलार झाला की तो पिकअपची शेपूट हलवायला लागतो, आणि ७०-८० च्या वेगात ते हलणं थांबत नाही (प्रश्न १३).

फार जास्त झालं तर वेगळा त्रास. नाकावरचे १८० किलो मागच्या एक्सलवर १८० म्हणून बसत नाहीत. बॉल एक्सलच्या १.२ मीटर मागे आणि दोन एक्सलमधलं अंतर ३.१ मीटर असेल तर मागच्या एक्सलवर सुमारे २५० किलो येतात आणि पुढचा एक्सल ७० किलोंनी हलका होतो. स्टिअरिंग हलकं लागतं, पुढचे ब्रेक कमी पकडतात, आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

दुरुस्ती सोपी आहे. ट्रेलरवरची गाडी वीतभर पुढे किंवा मागे घ्या, परत मोजा. जागा सापडली की ट्रेलरच्या फळीवर रंगानं खूण करून ठेवा, म्हणजे दर वेळी काट्यावर जायला नको.

६. पाच जण आणि सामान पिकअपमध्ये, मागे ट्रेलर. चालेल?

बहुतेक वेळा इथंच गणित फसतं, इंजिनमध्ये नाही. आरसीवरचं भरलेलं कमाल वजन वजा रिकामं वजन, एवढाच तुमचा भार. समजा तो ५०० किलो निघाला. पाच जणांचे ३५०, बॅगा आणि कूलरचे ८०, वरच्या कॅनोपीचे ६०, झाले ४९०. आता नाकावरचे १८० कुठं ठेवणार? नाकावरचं वजन पिकअपच्या भारातच मोजतात, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. दोन जण दुसऱ्या गाडीनं या.

७. ट्रेलरला वेगळे ब्रेक लागतातच का? माझ्या पिकअपचे ब्रेक एकदम कडक आहेत.

लागतात. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. जिप्सी चढवलेला ट्रेलर त्याच्या दुपटीहून जड असतो.

दोन प्रकार मिळतात. ओव्हररन ब्रेकमध्ये पिकअप मंदावली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या धक्क्यानंच त्याचे ब्रेक लागतात. स्वस्त, साधे, पिकअपमध्ये वायरिंग नको. पण लांब उतारावर ते सतत थोडे लागलेलेच राहतात आणि तापतात. शिवाय चढावर रिव्हर्स घेताना लॉक होऊ शकतात, त्यासाठी खटका आहे का ते बघून घ्या. दुसरे इलेक्ट्रिक ब्रेक. यांना पिकअपमध्ये कंट्रोलर लागतो, त्यावर हातानं फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायची सोय असते. महाग पडतात. जिप्सीच्या वजनाला आणि घाटाला मी इलेक्ट्रिकच सुचवेन, कारण तो हातातला खटका प्रश्न १३ मध्ये जीव वाचवतो.

आणि ब्रेकअवे केबल. ट्रेलर सुटलाच तर ही बारीक तार ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ती पिकअपच्या चेसिसला अडकवायची. बॉलला किंवा सेफ्टी चेनच्या त्याच हुकाला अडकवली की तिचा उपयोग शून्य.

८. हिच हिंगण्याच्या वेल्डरकडून बनवून घेऊ का?

वेल्डर उत्तम असेलही, पण बंपरला किंवा चेसिसला थेट वेल्ड केलेला हिच नको. चेसिसच्या पोलादाला उष्णता दिली की त्याची ताकद बदलते, आणि तडा नेमका वेल्डच्या कडेला जातो. चेसिसच्या दोन्ही रेल्सना हाय-टेन्साइल बोल्टनी बसणारा, त्याच मॉडेलसाठी बनवलेला हिच घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाजोगे बदल करता येत नाहीत, त्यामुळे कंपनीमान्य ॲक्सेसरी असेल आणि बिल गाडीत असेल तर रस्त्यात बोलणं सोपं जातं.

बॉल आणि कपलरचं माप एकच हवं. ५० मिलिमीटरच्या बॉलवर त्याहून मोठ्या मापाचा कपलर बसतो, लॉक झाल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडून निघतो. दोन्हींवर माप कोरलेलं असतं. कोरलेलं नसेल तर घेऊ नका.

९. ट्रेलरची नोंदणी करावी लागते? त्याला तर इंजिनच नाही.

लागते. कायद्यातल्या 'मोटार वाहना'च्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे नोंदणी हवी, स्वतःचा नंबर हवा, थर्ड पार्टी विमा हवा. शहरात राहणाऱ्यांची एमएच ३१, पूर्व नागपूरची एमएच ४९, ग्रामीणची एमएच ४०. नोंदणीचा अर्ज नमुना २० मध्ये, सोबत विक्रीचा दाखला नमुना २१ आणि रस्त्यायोग्यतेचा दाखला नमुना २२. शेवटचे दोन बनवणारा देतो. म्हणून पैसे मोजायच्या आधी त्याला एकच विचारा: मॉडेलला मान्यता आहे का आणि नमुना २२ देणार का? "कागदाचं बघू नंतर" म्हणाला तर ट्रेलर शेतात भुसा वाहायलाच बरा.

विमा कंपनीला पिकअपमागे ट्रेलर लावणार आहे हे लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा.

१०. जिप्सी ट्रेलरवर कशी बांधायची? हँडब्रेक लावला की झालं ना?

नाही. चार रॅचेट पट्टे, चार कोपऱ्यांना, चाकाजवळ एक्सलला. बॉडीला किंवा बंपरला बांधलं तर स्प्रिंग खाली-वर होताना पट्टा ढिला होतो, पुन्हा ताणतो, आणि तासाभरात निसटतो. मागचे दोन पट्टे एकमेकांना छेद देऊन बांधा, गाडी बाजूला सरकत नाही. पट्ट्यावरच्या चिठ्ठीवर दोन आकडे असतात, त्यातला लहान तो कामाचा. मोठा तुटायचा.

गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) न्यूट्रलमध्ये नाही ना ते बघा. पट्ट्याला अर्धा पीळ दिला की वाऱ्यात तो भुणभुणत नाही. पंधरा किलोमीटरवर थांबून चारही पट्टे पुन्हा ताणा. पहिल्या थांब्यावर एकतरी पट्टा ढिला निघतोच.

११. ट्रेलर नाही, दोरानं किंवा लोखंडी दांड्यानं थार ओढत आणली तर?

बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत आणणं आणि सहलीला नेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमात परवानगी पहिलीला आहे. मागच्या गाडीत परवानाधारक माणूस स्टिअरिंगवर हवा, दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको. वेग २०-२५ च्या वर नेऊ नका. मागच्या गाडीचं इंजिन बंद असेल तर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग नसतं, ब्रेक दगडासारखा लागतो. त्या माणसाला हे आधी सांगा. आणि किल्ली फिरवून स्टिअरिंग लॉक उघडा.

फोर बाय फोरचा वेगळा खोडा. जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफर केसला न्यूट्रल असतं, तरी चारही चाकांवर किती वेगानं, किती अंतर ओढायची ते मॅन्युअलमध्ये बघूनच. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला इंजिन बंद असताना तेल फिरत नाही. कायम फोर व्हील ड्राइव्ह असलेल्या गाडीची दोनच चाकं उचलून ओढली तर मधला डिफरन्शियल जळू शकतो. तिला सपाट ट्रेलरच हवा.

१२. निघण्याआधी नेमकं काय बघायचं?

यादी लिहून देण्याऐवजी माझी चूक सांगतो. उमरेड रोडला पहाटे पाचला निघालो, अंधार, चहाची घाई. कपलर बॉलवर ठेवला, खटका दाबला, पण त्यातून आरपार जाणारी पिन खिशातच राहिली. पहिल्या दोन गतिरोधकांवर काही झालं नाही. तिसऱ्यावर मागे 'खण्' असा आवाज आला आणि पिकअप एकदम हलकी झाली. आरशात बघतो तर ट्रेलरचं नाक दोन साखळ्यांत झोळीसारखं लटकलेलं. साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेद देऊन लावल्या होत्या म्हणून नाक डांबरात रुतलं नाही. त्या सरळ लावल्या असत्या तर ट्रेलरनं कोलांटी घेतली असती.

तेव्हापासून जोडल्यावर जॉकी व्हील खाली फिरवून नाक वर उचलून बघतो. पिकअपची मागची बाजू सोबत उचलली गेली म्हणजे कपलर बसला. मग पिन, साखळ्या, ब्रेकअवे तार, जॉकी व्हील पूर्ण वर (खाली राहिलं की पहिला गतिरोधक ते वाकवतो), आणि सगळे दिवे. शेवटी ट्रेलरभोवती एक फेरी, हातात चहा नसताना.

१३. ट्रेलर मागे नागासारखा डोलायला लागला तर?

ॲक्सिलरेटर सोडा. स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, डोलण्याच्या उलट फिरवू नका, कारण तुमचं फिरवणं नेहमी अर्धा क्षण उशिरा पोचतं आणि डोलणं वाढवतं. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हातानं हळू लावा, ट्रेलर मागे ताणला जाऊन सरळ होतो. पायाचा ब्रेक जोरात मारू नका. वेग वाढवून सरळ करण्याची युक्ती कोणी सांगितली तर त्याच्या गाडीत बसू नका.

थांबल्यावर कारण शोधा. दहातल्या नऊ वेळा नाकावरचं वजन कमी (प्रश्न ५) किंवा वेग जास्त. ट्रकनं शेजारून ओव्हरटेक केल्याचा वारा हे नुसतं निमित्त.

१४. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे. आम्ही ८० नंच का जायचं?

१२० कारसाठी आहे. पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर तुमची मर्यादा मुळातच ८०. खासगी नोंदणी असली तरी ८० च ठेवा. वेग ८० वरून १०० केला की थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. ट्रेलरच्या छोट्या चाकांना तर १०० ला अजूनच गरगर फिरावं लागतं.

समृद्धी सरळ, रुंद आणि कंटाळवाणी आहे, आणि काँक्रीट तापतं. शिवमडक्याहून निघालात की पहिल्या तासात एकदा थांबा, ट्रेलरच्या हबजवळ (चाकाचा मधला भाग) हाताची पाठ न्या. कोमट ठीक. हात मागे घ्यावासा वाटला तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक.

१५. मे महिन्यात न्यायचं म्हणजे टायरचं काय?

आपल्याकडे ४५ च्या वर पारा जातो, रस्त्याचा त्याहून किती तरी जास्त. टायरची हवा पहाटे, गाडी चालवण्याआधी, बनवणाऱ्यानं दिलेल्या दाबाइतकी भरा. दुपारी दाब वाढलेला दिसला म्हणून काढू नका. गार झाल्यावर तो कमी पडतो, कमी दाबाचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, आणि तोच फुटतो.

ट्रेलरचे टायर घासून संपत नाहीत, वयानं मरतात. वर्षातून दहा वेळा निघणारा ट्रेलर उरलेले दिवस अंगणात उन्हात उभा असतो. कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांवर गेला की नक्षी नवी कोरी दिसली तरी बदला. उभा असताना चाकांवर गोणपाट टाका. ट्रेलरची स्वतःची स्टेपनी घ्या, पिकअपची त्याला बसत नाही.

१६. चिखलदऱ्याला किंवा छिंदवाड्याच्या बाजूला घाटात कसं चालवायचं?

चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, परतवाड्याहून वर जाताना वळणं आवळ आहेत. चढताना तापमानाचा काटा बघत खालच्या गिअरमध्ये, एसी बंद. काटा वर सरकला तर रुंद जागा बघून थांबा, इंजिन लगेच बंद करू नका.

उतरणं जास्त अवघड. उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्या, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पाय सतत ब्रेकवर ठेवला की ब्रेक तापतात आणि पुढच्या वळणाला पेडल मऊ होतं. त्यापेक्षा एकदा ठाम दाबून वेग कमी करा, मग सोडा. सौसरहून पुढे सिल्लेवानी घाटात ट्रक रांगेत उतरतात. त्या रांगेचा वेग तोच तुमचा. मागचा हॉर्न मारत असेल तर मारू द्या.

वळणावर ट्रेलर नेहमी आतून कापतो. पिकअप जरा बाहेरून न्या. शहरात सीताबर्डीच्या चौकात हेच सायकलवाल्याच्या बाबतीत होतं, डावा आरसा सोडू नका.

१७. काळ्या मातीत फसलेली गाडी टो-बॉलला दोर बांधून ओढू का?

कधीच नाही. या पानावरचं फक्त हे एक उत्तर वाचलंत तरी चालेल. बॉल वरून येणाऱ्या भारासाठी आणि सरळ ओढीसाठी असतो. फसलेल्या गाडीला रबरी ताणाच्या दोरानं झटका दिला की बॉलचा दांडा तुटू शकतो, आणि मग तो पोलादी गोळा काचेतून थेट आत बसलेल्याच्या तोंडावर येतो. जगभरात यात माणसं मेली आहेत.

ओढायला चेसिसला बोल्ट केलेला रेटेड (ताकदीचा आकडा दिलेला) रिकव्हरी पॉइंट, म्हणजे ओढायचा हुक, आणि रेटेड शॅकल (पिनेनं बंद होणारी कडी). दोराच्या मधोमध ओली गोणी किंवा जाड चादर टाका, तुटला तर जमिनीवर पडतो. दोराच्या दोन्ही बाजूंना दोराच्या लांबीएवढं अंतर रिकामं. "जरा धक्का देतो" म्हणत मधे येणारे उत्साही लोक आपल्याकडे हमखास असतात, त्यांना आधी हलवा.

आणि मुळात जुलैत सोयाबीनच्या शेताकाठी ट्रेलर उतरवू नका. आपली काळी माती वरून वाळलेली दिसते, खाली लोणी. ट्रेलर डांबरावर किंवा मुरमावर ठेवा, जिप्सी तिथून पुढे चालवत न्या. पाण्यातून ट्रेलर न्यावाच लागला तर आधी हब गार होऊ द्या. गरम हब पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी आत खेचलं जातं, ग्रीस पांढरं दुधाळ होतं. घरी आल्यावर उघडून बघा.

१८. हौद्यात कॅम्पर बसवलाय. मागे जिप्सीचा ट्रेलरही जोडू?

कागदावर बसलं तरच. हौद्यातल्या कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या पुढे पडायला हवा, आणि तो कॅम्पर बहुतेक सगळा भार खाऊन टाकतो (प्रश्न ६). नाकावरच्या वजनाला जागाच उरत नाही. शिवाय कॅम्पर मागे बाहेर आलेला असतो म्हणून लोक हिच लांब करतात. बॉल जितका मागे तितका प्रश्न ५ मधला तरफेचा हिशेब वाईट. आपल्या पिकअपच्या आकारात मला हे जमलेलं दिसलेलं नाही. कॅम्पर न्या किंवा जिप्सी न्या.

१९. मग कॅम्पर ट्रेलर आणि त्यामागे जिप्सी, अशी आगगाडी?

नाही.

२०. कॅम्पर ट्रेलर भरताना काय कुठं ठेवायचं?

जड ते खाली आणि चाकांच्या वर. पाण्याची शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो. ती अर्धी भरलेली असली की पाणी डचमळतं आणि ट्रेलर डोलवतं. पूर्ण भरा किंवा रिकामी ठेवा. पाणी तिथं पोचल्यावर भरणं सगळ्यांत उत्तम. सिलिंडर छोटा पाच किलोचा, उभा, बांधलेला, आणि चालताना रेग्युलेटर काढलेला. मागच्या टोकाला सायकली टांगू नका, तेच उलार होण्याचं मूळ.

२१. मुलं मागे कॅम्परमध्ये झोपली तर? आजोबांना पाय पसरायला बरं पडेल.

आजोबांना पुढच्या सीटवर पाय पसरू द्या. चालत्या कॅम्परमध्ये कोणीही नाही, दहा मिनिटांसाठीही नाही. आत सीटबेल्ट नसतो, तुम्हाला आवाज येत नाही, आणि ट्रेलर डोलला तर कपाटं उघडून सगळं अंगावर येतं.

२२. रात्री निघालो तर रस्ता रिकामा मिळतो. बरं नाही का?

माझं मत: नको. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंचच्या पट्ट्यात जनावरांसाठी खालून वाटा केल्या आहेत, बाकीच्या बहुतेक रस्त्यांवर तशी सोय नाही. काटोल, उमरेड, कुठल्याही बाजूला अंधारात रोही (नीलगाय) अचानक डांबरावर येतो. एकटी पिकअप असती तर थांबली असती, मागे दोन टन ढकलत असताना थांबत नाही. पावसाळ्यात ढोरंही कोरड्या डांबरावरच बसतात. निघावंच लागलं तर ट्रेलरच्या मागे आणि दोन्ही बाजूंना परावर्तक पट्ट्या लावा.

दिव्यांसाठी पिकअपच्या वायरीत टोचून कनेक्शन घेऊ नका. सात पिनांचा सॉकेट वेगळ्या मॉड्यूलवरून घ्या, नाहीतर ट्रेलरचा एक दिवा गेला की पिकअपचे इंडिकेटर वेडे होतात. उंदरांनाही ती वायर फार आवडते, पावसाळ्यात महिन्यातून एकदा बघा.

२३. रिव्हर्स जमतच नाही हो. ट्रेलर दर वेळी उलटाच जातो.

हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, सहाच्या आकड्यावर. आता ट्रेलरची शेपूट जिकडे न्यायची तिकडे हात न्या. एवढंच. हळू, थोडं थोडं. ट्रेलर वाकायला लागला की लगेच सरळ करा, बिघडलं की पुढे जाऊन पुन्हा. रविवारी सकाळी एखादं रिकामं मैदान गाठा, चार विटा ठेवा आणि तासभर करा. बायको किंवा मित्र मागे उभा करून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणवून घेणार असाल तर ती व्यक्ती आरशात दिसली पाहिजे. दिसली नाही की थांबायचं.

२४. टोल किती लागतो?

ट्रेलर धरून एक्सल वाढतात आणि तुमचा फास्टॅग पिकअपचा असतो, त्यामुळे नाक्यावर वाद होतो. माझ्याकडून एका नाक्यावर काहीच जास्त घेतलं नाही, पुढच्यावर खिडकीवाल्यानं उतरून चाकं मोजली. आरसी हाताशी ठेवा आणि पंधरा मिनिटं जास्तीची धरा.

२५. मित्राचा ट्रेलर एका दिवसासाठी मागून आणला तर?

आधी मित्राला विचारा, बेअरिंगला ग्रीस शेवटचं कधी भरलं. "आहे की" म्हणाला तर हब उघडा. टायरचे चार आकडे वाचा, बॉलचं माप जुळवा, त्याचा विमा चालू आहे का बघा, आणि त्याच्या वजनाची जुनी पावती दाखवली तरी तुमच्या गाडीसह काट्यावर जा. त्याचा ट्रेलर त्याच्या थारसाठी खुणावलेला असतो. तुमच्या जिप्सीची खूण वेगळी पडते.